पहिला घोडा घ्यायचाय, सारंगखेड्याला जाण्याआधी विचारतोय

माळरान
नमस्कार मंडळी. फलटण तालुक्यात आमची शेती आहे, निम्म्याहून जास्त ऊस. मुलगी १३ वर्षांची, वजन ४१ किलो (हे तिनंच लिहायला लावलंय). दोन उन्हाळे पुण्याला मावशीकडे राहून रायडिंग शिकली आणि आता घरी घोडा हवा म्हणून हटून बसलीय. खरं सांगायचं तर मलाही हवाय. आजोबांकडे एक तट्टू होतं, त्यावरून ते बाजाराला जायचे. त्याचा तोबरा (तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी) अजून माळ्यावर पडून आहे.

बजेट दीड लाखापर्यंत. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला जायचा विचार आहे. सगळे म्हणतात घ्यायचा तर मारवाडीच घे. एका ओळखीच्या माणसानं दीड वर्षाचं काळंभोर शिंगरू दाखवलंय, "पोरीबरोबरच वाढेल" म्हणतो. फोटोत तरी फार देखणं आहे. चाऱ्याची चिंता नाही, उसाचं वाढं आणि नेपिअर गवत घरचंच. मागच्या वर्षी म्हशी विकल्या, त्यांच्या गोळीखाद्याची चार पोतीही शिल्लक आहेत. बायकोचा विरोध आहे, पण होईल तयार. काय करू?

खवचट_काका
बायकोची परवानगी नंतर घेणार म्हणजे वरातीमागून घोडं.

रिकीब
शिंगरू घेऊ नका. हे एवढंच वाचून धागा बंद केलात तरी चालेल.

जरा सविस्तर लिहितो. मी बरीच वर्षं रायडिंग स्कूलमध्ये शिकवायचो. दीड वर्षाच्या शिंगरावर कुणी बसायचं नसतं. पाठीची हाडं पक्की व्हायला पाच-सहा वर्षं लागतात, हलकं काम सुरू करायचं तरी तीन-चार वर्षांनंतर. म्हणजे तुमची मुलगी कॉलेजात जाईपर्यंत ते फक्त खाणार, आणि तेवढ्या काळात त्याला शिकवणार कोण? शिकाऊ स्वार आणि शिकाऊ घोडा अशी जोडी जमली की एक दिवस दोघांपैकी एक दवाखान्यात असतो. पहिला घोडा ८ ते १४ वर्षांचा बघा. त्यानं ट्रॅक्टर, कुत्री, उडणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या, सगळं पाहून झालेलं असतं. नीट सांभाळला तर घोडा पंचवीस वर्षं सहज जगतो, त्यामुळे अकराव्या वर्षी घेतलेला घोडा म्हातारा नसतो.

दुसरं, नर की मादी. आपल्याकडे खच्ची केलेला घोडा मिळणं कठीण, मिळाला तर डोळे झाकून नाही पण आनंदानं घ्या. अंडील घोडा घरच्या पोरांसाठी नकोच. शेजारच्या वस्तीवर घोडी माजावर आली की तो तुमचं ऐकणार नाही. म्हणजे उरली घोडी.

तिसरं, वजन. खोगिरासकट स्वाराचं वजन घोड्याच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याच्या आत असावं. तुमचं स्वतःचं वजन किती? ते लिहिलं नाहीत.

माळरान
८४. 😐

खवचट_काका
मग हत्ती बघा. त्याला उसाचं वाढं चालतं.

नंदुरबारकर
भाऊ, या मंग यात्रेला. आमच्या घरापासून तापीचा पूल दिसतो, लहानपणापासून ही यात्रा बघतोय. एकमुखी दत्ताचं देऊळ, आणि बाजूला नजर जाईल तिथवर घोडे. राजस्थान, गुजरात, पंजाब, यूपी, कुठूनकुठून येतात. दरवर्षी पेपरात कोटीच्या घोड्याची बातमी येते. तो घोडा विकायला नसतो, बातमीसाठी असतो. तुमच्या कामाचा घोडा शेवटच्या रांगांमध्ये कडब्याच्या ढिगाला बांधलेला सापडेल.

दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवा. पहिल्या दिवशी नुसतं फिरा, पैसे घरी ठेवून. ज्या घोडीवर मन बसेल तिच्याकडे पहाटे न सांगता जा, मालक चहा पीत असताना. रात्रभर थंडीत उभी राहिलेली घोडी पहिली दहा पावलं कशी टाकते ते तेव्हाच दिसतं. अकरा वाजेपर्यंत तिला फिरवून, खरारा करून, तेल लावून उभी केलेली असते, मग सगळ्याच राजकन्या.

दलाल चिकटतील. वाईट नसतात सगळे, पण त्याची दलाली दोन्हीकडून असते हे ध्यानात ठेवा. सौदा झाला की बाजार समितीची पावती घ्या, त्यावर रंग, उंची, अंगावरचे केसांचे भोवरे, पायाचे पांढरे मोजे सगळं लिहून घ्या. उंची तिथं इंचात बोलतात, ६० इंची, ६२ इंची. त्यांचा टेप नको, स्वतःचा न्या. मोजताना घोडी सपाट जमिनीवर उभी हवी, माप खांद्यांमधल्या उंचवट्यापर्यंत, डोक्यापर्यंत नाही. पुढचे पाय मातीच्या उंचवट्यावर ठेवून दोन इंच 'वाढवलेली' घोडी मी स्वतः पाहिलीय.

सातारची_सई
भोवऱ्यांचं खरंच बघतात का हो? आमच्याकडे काकांनी एक सुंदर कुमैत घोडी फक्त डोळ्याखाली भोवरा आहे म्हणून सोडली. आसूढाळ म्हणे, मालकाला रडवते.

नंदुरबारकर
बघतात म्हणजे! गळ्याला देवमण (शुभ भोवरा) असला की किंमत चढते, डोळ्याखाली भोवरा असला की पडते. पंचकल्याण म्हणजे चारी पाय पांढरे आणि तोंडावर पांढरा पट्टा, त्याला वेगळा भाव.

रिकीब
मी उलटं करतो. पाय चांगले, स्वभाव चांगला आणि भोवरा 'अशुभ', अशी घोडी स्वस्तात मिळते. माझ्या दोन सगळ्यात गुणी घोड्या अशाच मिळाल्या. फक्त पुढे विकताना तुम्हालाही तोच भाव येईल. आणि घरात वडीलधारी माणसं मानणारी असतील तर नका घेऊ. घोडी पहिल्यांदा शिंकली तरी त्या भोवऱ्यालाच बोल लागतील.

डोंगरवाट
माझा अनुभव लिहितो, म्हणजे कुणाचे तरी पैसे वाचतील. एका बाजारात (कुठला ते राहू दे) घोडा बघितला, इतका शांत की माझा पाच वर्षांचा मुलगा त्याच्या पोटाखालून गेला. लगेच सौदा केला. टेम्पोतून घरी आणला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं पागेचं दार लाथेनं मोडलं, संध्याकाळी मला चावला. डॉक्टर म्हणाले, गुंगीचं काहीतरी दिलेलं असणार. चौथ्या दिवशी लंगडायलाही लागला, म्हणजे दुखणं दाबायचं औषधही सोबत होतं. विकणाऱ्याचा फोन तेव्हापासून बंद.

आता नियम: घोडा दोन वेगवेगळ्या दिवशी बघायचा. आधी मालकाला बसायला लावायचं, मग आपण बसायचं. मालकच बसायला कां-कूं करत असेल तर नमस्कार करून पुढे.

वैद्यबुवा
पशुवैद्यक खात्यातून निवृत्त आहे. वरच्या अनुभवात दोन्ही शक्यता बरोबर वाटतात. म्हणून सौदा पक्का करण्याआधी स्वतःचा डॉक्टर न्या. त्याची फी घोड्याच्या किमतीपुढे काहीच नसते.

घरच्या माणसाला बघता येईल तेवढं सांगतो. कडक जमिनीवर दोरी सैल सोडून सरळ रेषेत दुडक्या चालीनं पळवायला सांगा. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर उचललं जातं. चारही खुरांना हात लावून बघा, एखादं इतरांपेक्षा गरम लागतंय का. डोळ्यासमोर हळूच हात न्या, दोन्ही डोळे मिटतात का पाहा, पण वाऱ्याचा झोत लागेल असा हात फिरवू नका, आंधळाही मिटेल. पळवून आणल्यावर कुशी किती वेळ धापतात ते बघा. दावणीच्या लाकडाला दात लावून हवा ओढत असेल किंवा उभ्या जागी डुलत असेल तर ती सवय सहसा जात नाही.

वय दातांवरून. पुढचे पक्के दात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास जोडीजोडीनं येतात, पाचव्या वर्षी तोंड पूर्ण. खालच्या दातांवरचे खळगे मधल्या जोडीत सहाव्या वर्षाच्या आसपास झिजतात, पुढच्या जोडीत सातव्या, कडेच्या आठव्या. त्यानंतर मात्र अंदाजच. 'नऊ वर्षांची' म्हणून विकलेली घोडी तेरा-चौदाची निघणं फार सामान्य आहे. तुमच्या कामाला ती चालेलही, फक्त पैसे त्या हिशेबानं द्या.

आणि रक्त तपासणी. ग्लँडर्सचा ताजा रिपोर्ट नसेल तर दावणीला आणू नका. हा आजार माणसालाही होतो, आणि घोडा पॉझिटिव्ह आला तर कायद्यानं त्याला मारावंच लागतं, त्यावर इलाज करत बसत नाहीत. हिसारला घोड्यांची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, तिथं या तपासण्या होतात. नमुना कसा पाठवायचा ते तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. 'सर्रा' या रक्तातल्या परजीवीच्या आजारासाठीही रक्त बघून घ्या, विशेषतः गोमाश्यांच्या भागातून घोडा आला असेल तर. नवीन घोडा तीन आठवडे वेगळा बांधा. धनुर्वाताची लस चुकवू नका, घोड्याइतका धनुर्वाताला बळी पडणारा प्राणी क्वचितच.

माळरान
डॉक्टरसाहेब, खूप आभार. शिंगराचा विषय बंद केला. ओळखीचा माणूस जरा रुसलाय. चाऱ्याबद्दल कुणीच काही बोललं नाही, म्हणजे ते तरी ठीक आहे ना?

वैद्यबुवा
नाही. मी त्यावरच येत होतो. इथंच घोडं पेंड खातं.

पहिल्यांदा ती चार पोती कुणाला तरी देऊन टाका. गुरांच्या काही खाद्यात आणि कोंबड्यांच्या खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गाईला ते चालतं, घोड्याला थोड्या मात्रेतही हृदयावर जातं आणि मरतो. तुमच्या पोत्यात आहे की नाही हे बघत बसू नका, घोड्याच्या आसपासही ठेवू नका.

दुसरं, नेपिअर आणि वाढं. दोन्हींत ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम धरून ठेवतं. गाईच्या पोटातले जंतू ते बरंचसं निकामी करतात, घोड्याला ती सोय नाही. महिनोन् महिने नेपिअर आणि वर गव्हाचा कोंडा (कोंड्यात फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी) असं चाललं की शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढायला लागतं. जबडा, नाकाची हाडं सुजतात, घोडा कारण नसताना लंगडतो. दारात हिरवं गार असूनही होतं हे. थोडं नेपिअर चालेल, पण मुख्य चारा म्हणून नको. एक-दोन गुंठे लसूणघास लावा, त्यात कॅल्शियम भरपूर.

मुख्य चारा म्हणजे चांगला वाळलेला, पिवळसर, धूळ नसलेला कडबा किंवा वाळलेलं गवत. कोवळी हिरवी ज्वारी अजिबात नको. जनावराला किराळ लागतं, म्हणजे विषबाधा होते, हे तुम्हाला माहीतच असेल, घोड्यात तर शिवाय मूत्राशयाचा आणि मागच्या पायांचा वेगळाच त्रास होतो.

किती? दिवसाला वजनाच्या साधारण २ टक्के कोरडा चारा-दाणा. ३३० किलोच्या घोडीला साडेसहा किलो धरा, त्यात निदान तीन चतुर्थांश चारा. हिरवं मोजताना फसू नका, १० किलो हिरव्या लसूणघासात कोरडं जेमतेम दोन किलो. वजन काट्यावर घ्यायला नको: छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी, भागिले ११८७७. येईल ते किलो.

चंदी, म्हणजे दाणा, शेवटी. तासभर हलकी रपेट करणाऱ्या घोडीला दीड किलो पुष्कळ, तीही दोन-तीन वेळांत वाटून. घोड्याचं पोट अंगाच्या मानानं लहान, आणि त्याला ओकता येत नाही. जास्त गेलेलं बाहेर येत नाही, आत फसफसतं. मग शूळ, नाहीतर खुरांत जळजळ.

सातारची_सई
हरभरा द्यावा ना? आजोबा म्हणायचे घोडा म्हणजे हरभरा.

वैद्यबुवा
द्यावा, भिजवून. रात्री भिजत घातलेला सकाळी. कोरडा हरभरा पोटात जाऊन फुगतो. चंदीत अर्धा जव किंवा ओट, थोडा हरभरा, मूठभर कोंडा, २५-३० ग्रॅम मीठ. मका बुरशीचा शंका आली तरी टाकून द्या. त्या बुरशीनं घोड्याचा मेंदू अक्षरशः पातळ होतो. पाणी दिवसाला २५ ते ४० लिटर, उन्हाळ्यात जास्त.

मोतद्दार
डॉक्टरांनी पोटाचं सांगितलं, मी हाताचं सांगतो. घोडं घेताना सगळे किंमत मोजतात, हात कोणी मोजत नाही. सकाळी सहाला लीद कोण काढणार? शाळेच्या दिवशी? तुम्ही कारखान्यावर ऊस घालायला गेलात त्या दिवशी? पोरीच्या दहावीला? गडी ठेवलात तर त्याला घोड्याची भीती नाही ना, आणि तो त्याला मारत नाही ना, हे आधी बघा.

नालबंद शोधून ठेवा घोडं यायच्या आधी. सहा ते आठ आठवड्यांनी खूर छाटावेच लागतात, नाल असो नसो. आमच्या भागात एकच म्हातारा राहिलाय, लग्नसराईत वरातवाल्यांमागे असतो, फोन लागत नाही.

पागेत गुळगुळीत फरशी नको, मुरूम ठोकून घ्या. १२ बाय १२ फूट जागा द्या, वर पत्रा असेल तर उंच, आणि दुपारी तरी मोकळं सोडा. दिवसभर अगाडी-पिछाडीत बांधलेलं घोडं सुटलं की तुमच्या पोरीवर सगळा हिशेब काढतं.

न्यू_जर्सीकर_माधव
इथे मुलीसाठी आम्ही घोडा घेण्याआधी वर्षभर 'अर्धा' भाड्यानं घेतला होता. खर्च अर्धा, कामही अर्धं. तिकडे असं होत नाही का?

मोतद्दार
आमच्याकडे अख्खं घोडं अर्ध्या गावाचं असतं, भाडं कोणी देत नाही.

डोंगरवाट
हसलो 😄 पण माळरान, एक पर्याय आहे. पुणे-मुंबईच्या रेसकोर्सवरून निवृत्त झालेले थरोब्रेड घोडे कधीकधी फार स्वस्तात मिळतात.

रिकीब
नको. देखणे असतात, पण कातडी पातळ, खाणं जास्त, पायाला जुनी दुखापत असण्याची शक्यता, आणि शिकवलेलं एकच: सुट. उसाच्या फडातून रानडुक्कर निघालं की तो फलटणहून थेट लोणंद. अनुभवी माणसाला ठीक.

मी असतो तर तुमच्या भागात भीमथडी बघितला असता. मेंढपाळ धनगरांकडे असतात ना, संसार पाठीवर घेऊन चालणारे, ते. आता त्यांना स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय मान्यताही मिळालीय. १३० सेंटिमीटरच्या आसपास उंची, दगडासारखे खूर, रुक्ष चाऱ्यावर निभावणारे. तुमच्या मुलीला आणखी दोन-तीन वर्षं पुरेल. तुम्हाला मात्र बसता येणार नाही.

माळरान
तिची उंची आत्ताच पाच फूट एक इंच आहे, पाय जमिनीला लागतील म्हणते. जरा मोठं बघतो.

सातारची_सई
वरातीची घोडी घेताना सांभाळून हं. आम्ही घेतली होती. फटाके, बँड, गर्दी, कशालाही न घाबरणारी, सोन्यासारखी. जत्रेच्या दिवशी बहिणीला घेऊन देवळापाशी गेली आणि कुणीतरी हलगी कडाडली. झालं. घोडीला वाटलं ड्युटी सुरू. दोन पायांवर उभी राहून नाचायला लागली, बहीण मानेला मिठी मारून किंचाळतेय, आणि लोक दहा-दहाच्या नोटा ओवाळतायत.

खवचट_काका
किती जमले?

सातारची_सई
नव्वद. घोडीच्या गुळाला गेले.

माळरान
अपडेट द्यायला उशीर झाला, माफ करा.

दिवाळीनंतर अकलूजचा घोडेबाजार बघून आलो, काही मनात भरलं नाही. मग सारंगखेड्याला गेलो, मुलगी आणि बायकोही. नंदुरबारकरांनी तीन दिवस आमच्यासोबत काढले, जेवायला घरी नेलं, त्यांचे आभार कसे मानू कळत नाही. पहिल्या दिवशी मला एक अबलख घोडा इतका आवडला की रात्री झोप लागली नाही. पहाटे साडेपाचला जाऊन बघितलं तर डाव्या पुढच्या पायावर डोकं वर. गप परत आलो.

शेवटी घेतली ती घोडी बायकोनं शोधली. कडब्याच्या गंजीला बांधलेली, लालसर कुमैत, कानांची टोकं आत वळलेली, काठियावाडी मिश्र असावी म्हणतात. ५८ इंच. मालक १० वर्षांची म्हणाला, डॉक्टर १२-१३ म्हणाले, पैसे १३ च्या हिशेबानं दिले. मालकाचा नातू, सात-आठ वर्षांचा, तिच्यावर उघड्या पाठीनं बसून पाण्याला घेऊन चालला होता, तेव्हाच बायको म्हणाली, "ही." डोळ्याखाली भोवरा आहे. आईला अजून सांगितलेलं नाही. रक्ताचे रिपोर्ट आल्यावरच उरलेले पैसे दिले, तोवर घोडी तिथंच नंदुरबारकरांच्या ओळखीत.

घेर १६४, लांबी १४६, म्हणजे ३३० किलो. पाचवा हिस्सा ६६. मुलगी ४१ आणि खोगीर ७. माझा प्रश्नच मिटला. रोज संध्याकाळी मी दोरी धरून बाजूनं कालव्याच्या रस्त्यानं तीन किलोमीटर चालतो. ८४ चे ८१ झालेत.

लीद सकाळी बायको काढते. कुणी सांगितलं नाही, स्वतःहून. आजोबांचा तोबरा धुऊन वापरात घेतलाय, एक शिवण उसवली होती तेवढी घातली.

डॉक्टरसाहेब, एक विचारायचं होतं. कालपासून लीद जरा पातळ आहे. खाणं, पाणी, उत्साह व्यवस्थित.

वैद्यबुवा
अभिनंदन. लसूणघास एकदम वाढवलीत का?

माळरान
हो. पहिली कापणी आली म्हणून दोन पेंढ्या टाकल्या.

वैद्यबुवा
एक करा, तीही सुकवून, कडब्यात मिसळून. पुढची पेंढी दहा-बारा दिवसांत हळूहळू. चंदी दोन दिवस बंद ठेवा. जमिनीवर लोळायला लागली किंवा वळून कुशीकडे बघायला लागली तर रात्र असली तरी डॉक्टरला बोलवा.

माळरान
बरं. (पेंढी मुलीनंच टाकली होती, तिला दाखवलं हे. ती म्हणते घोडीला आवडतं म्हणून.)

मोतद्दार
आवडणारच. नालबंद मिळाला का?